पाडव्याचा हजर अहवाल

आमच्या नगरपरिषदेतले निम्मे कर्मचारी एक जूनला जन्मलेले आहेत. यात त्यांच्या आयांचा काही दोष नाही. पूर्वी पोराला शाळेत घालायला बाप गेला की गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? बाप डोकं खाजवत म्हणायचा, "आता ते काय ध्यानात हाय व्हय गुरुजी, बाजरी काढनीला आल्ती तवा." मग गुरुजी एक जून ठोकून द्यायचे आणि पोरगं पहिलीत जाऊन बसायचं. नियम असा आहे, की जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दर एकतीस मेला आमच्याकडे शाली आणि नारळांचा बाजार भरतो. एका वर्षी सात जण एकदम गेले. भाषणं करता करता अध्यक्षांचा घसा बसला, चौथ्या आणि पाचव्या माणसाच्या गुणांची अदलाबदल झाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या सातांची पेन्शन प्रकरणं मात्र माझ्याच टेबलावर होती.

मी आस्थापना विभागात आहे. कोण कधी नोकरीला लागला, कुणाची वेतनवाढ कधीची, नवा वेतन आयोग आला की कुणाचा पगार कुठल्या आकड्यावर बसवायचा आणि शेवटी घरी जाताना त्याच्या पदरात काय पडणार, हे सगळं आमच्याकडे. ठरवतं सरकार. आम्ही सेवापुस्तक उघडून ते त्या माणसाला कसं लागू पडतं ते बघायचं. पण गावाला वाटतं मीच ठरवते. राहात्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी कोथिंबिरीच्या ढिगाआडून विचारतं, "ताई, माझी जुलैची वेतनवाढ लागली का?" माझं तोंड आधीच फटकळ. मी म्हणते, "लागली, पण मला मिरच्या घेऊ द्या, नाहीतर संध्याकाळी घरी मला खुलासा द्यावा लागेल." आमचे हे म्हणतात, खुलासा मागायची सवय तुझी आहे, आमची नाही. खरं आहे. दूध उतू गेलं तरी मी विचारते, जबाबदार कोण?

तर अशा या मला, दुसऱ्यांना जबाबदार धरण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला, एका बाबतीत मीच जबाबदार आहे असं एकोणीस वर्षं वाटत होतं. ते प्रकरण पाणीवाल्या मामांचं.

मामा आमचे व्हॉल्व्हमन. आमच्या गावाला पाणी दिवसाआड येतं, आणि पाटाच्या पाण्याचं आवर्तन लांबलं की तीन दिवसांनी. कुठल्या गल्लीला कधी आणि किती वेळ सोडायचं ते मामांच्या हातात. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून ते पहाटेपासून गावभर फिरायचे. गावातल्या बायकांचा नगराध्यक्षांपेक्षा मामांवर जास्त जीव आणि जास्त राग. "मामा, आज अर्धा तास जास्त सोडा हो, जावई आलेत," असं कुणी म्हटलं की मामा म्हणायचे, "जावयाला आंगूळ घालायची का पवायला सोडायचं?" पण दहा मिनिटं जास्त सोडायचे.

ते मूळचे पाथर्डीकडचे. तिकडून तरुणपणीच इकडे आले आणि नगरपरिषदेत रोजंदारीवर लागले. बरीच वर्षं तशीच गेली. मग नगरपरिषदेने व्हॉल्व्हमनच्या तीन कायम जागा भरायच्या ठरवल्या, रीतसर जाहिरात दिली, अर्ज मागवले, मुलाखती घेतल्या. तिघं निवडले गेले, त्यात मामा. साल दोन हजार पाच. मी तेव्हा नवी कनिष्ठ लिपिक होते, टेबल कोपऱ्यातलं, पंखा दुसऱ्याच्या डोक्यावर. नेमणुकीचे आदेश मी टाइप केले आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी तिघांना वाटले. आदेशात लिहिलं होतं, सात दिवसांत हजर व्हावे. बाकीचे दोघे दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन, हजर अहवालावर सही ठोकून मोकळे झाले. मामांनी मात्र आदेश दोनदा वाचला, घडी घातली आणि मला विचारलं, "ताई, पाडव्याला हजर झालो तर चालंल का?"

झालं! मला कुणी मुहूर्ताचं विचारावं आणि मी गप्प बसावं? "चालेल काय, पळेल!" मी म्हटलं. "साडेतीन मुहूर्तांतला अर्धा आहे तो, मामा. नाहीतरी मधे अमावास्या येते. लक्ष्मीपूजनाची असली म्हणून काय झालं, अमावास्या ती अमावास्याच. कायमच्या नोकरीची सुरुवात कशी चांगल्या दिवशी करावी. माझ्या सासूबाई तर म्हणतात..." सासूबाई काय काय म्हणतात ते मी पाच मिनिटं सांगितलं. मामा मान हलवत उभे राहिले आणि मग निघून गेले. पाडव्याला ऑफिस बंद होतं, पण पाण्याला सुट्टी नसते, म्हणून त्यांना हजर करून घेता येत होतं. मी घरची ओवाळणी उरकून मुद्दाम ऑफिसात आले, त्यांचा अहवाल घेतला, शिक्का मारला. मोठं पुण्यकर्म केल्याच्या थाटात घरी गेले आणि दोन करंज्या जास्त खाल्ल्या.

भाऊबीज झाली, ऑफिस उघडलं आणि टपालात शासनाचा निर्णय आला. एक नोव्हेंबरपासून जे नोकरीत येतील त्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांच्यासाठी नवी योजना. जुनी पेन्शन म्हणजे निवृत्तीनंतर मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम, महागाई वाढेल तशी वाढणारी, आणि आपल्यामागे बायकोला कुटुंबनिवृत्तिवेतन. नवी म्हणजे पगारातून कापून साठवलेले पैसे, आणि त्यातून पुढे काय मिळेल ते बाजाराच्या मर्जीवर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. एक नोव्हेंबर म्हणजे लक्ष्मीपूजन. पाडवा त्याच्यानंतर.

म्हणजे एकाच आदेशावरची तीन माणसं. दोघांना म्हातारपणी जुनी पेन्शन, आणि तिसऱ्याला नाही, कारण तिसऱ्याने माझं ऐकलं! बरं, निर्णय एकतीस ऑक्टोबरला निघालेला, आमच्यापर्यंत यायला भाऊबीज उलटली. तो येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ही अक्कल दुसऱ्याला सांगायला ठीक असते. स्वतःच्या मनाला ती पटत नाही. मी मामांना जाऊन सांगितलं, की असं असं झालंय, तुम्ही नव्या योजनेत गेलात. मुहूर्त मी सांगितला म्हणून, एवढं शेपूट मात्र माझ्या तोंडातून निघेना. मामा म्हणाले, "आसू दे. नोकरी तर हाय." आणि चावी उचलून माळीवाड्याला पाणी सोडायला गेले.

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी कुणाला म्हणून मुहूर्त सांगितला नाही. भाच्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं, त्याने विचारलं, मावशी कुठला दिवस धरू? मी म्हटलं, ज्या दिवशी तुझ्याकडे शटरची किल्ली येईल तो. सासूबाई थक्क झाल्या. "हिला काय झालं गं?" म्हणून जावेला विचारत होत्या.

वर्षं गेली. सहावा आयोग आला, सातवा आला. दोन्ही वेळेला मामांची वेतननिश्चिती मी स्वतः केली, तीन तीनदा तपासून, जणू काही मी त्यांच्या पगाराला ओवाळत होते. जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा आमच्याही दारात तंबू पडला. मामा सकाळी तंबूत येऊन एक घोषणा द्यायचे आणि उठून जायचे. आमच्या युनियनवाल्यांनी विचारलं, "मामा, संप आहे ना?" ते म्हणाले, "संप हाय खरा, पर गावानं हांडे लावल्यात." कुणी पुढे काही बोललं नाही, कारण बोलणाऱ्याच्या घरीही हंडे लागलेले होते.

आणि मग, मामांच्या निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं असताना, सरकारने नवा निर्णय काढला. भरतीची जाहिरात एक नोव्हेंबरच्या आधीची असेल, पण माणूस हजर नंतर झाला असेल, तर त्याला एकदाच संधी. त्याने सहा महिन्यांच्या आत विकल्प लिहून द्यायचा, जुनी पेन्शन लागू होईल. पुढे तो आमच्यासारख्या नगरपरिषदांनाही लागू झाला. मी ते पत्र टेबलावर ठेवून दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा उभी राहून मोठ्याने वाचलं. माझ्या शेजारी बसणारी जन्म-मृत्यू नोंदणीवाली म्हणाली, "ताई, पाणी पिता का?"

आता मला वाटलं, मामा धावत येतील. कुठलं काय! महिना गेला, दोन महिने गेले, मामांचा पत्ता नाही. शिपायाला पाठवलं, तो म्हणाला, "येतो म्हनले." आले नाहीत. शेवटी मीच पदर खोचून निघाले. मामा बाजारतळाच्या चौकात व्हॉल्व्हच्या खड्ड्यात कमरेइतके उतरलेले होते. मी वर, ते खाली. भोवती चार बघे, कारण आमच्या गावात खड्डा असला की बघे असतातच.

"मामा, विकल्प का दिला नाही?"

"आं?"

"विकल्प! जुन्या पेन्शनीचा!"

"राहू द्या ना ताई. जे हाय ते बरं हाय. आन् त्यो कागद मागत्यात म्हनं, जाहिरातीचा. आपल्याकडं कुठंय? उगं तुमाला हेलपाटे."

माझी तार सटकली. "हेलपाटे मला पडतील ना? तुम्हाला काय त्याचं? तुम्ही आज आहात, उद्या नाही, आणि मामींनी मग काय नळाचं पाणी पिऊन दिवस काढायचे?" बघ्यांपैकी एकाने "बरुबर हाय" म्हटलं. मामा खालून हसले. "तिला काय न्हाई हुत, ती लई खंबीर हाय." पण माझं तोंड एकदा सुटलं की खंबीर माणूसही वाकतो. त्यांनी हात धोतराच्या सोग्याला पुसले, मी वाकून कागद खाली दिला आणि त्यांनी खड्ड्याच्या कडेवर ठेवून सही केली. त्या विकल्पावर अजूनही ओल्या अंगठ्याचा डाग आहे.

सही झाली, पण जाहिरातीचं काय? तिथेच तर घोडं पेंड खात होतं. विकल्पासोबत जाहिरातीची प्रत जोडायची होती, आणि ती असायला हवी होती त्या भरतीच्या फाईलमध्ये. ती फाईल अभिलेखागारात होती. अभिलेखागाराच्या डोक्यावर ऑफिसची पाण्याची टाकी आहे. मागे एकदा जोडून सुट्ट्या आल्या होत्या तेव्हा ती टाकी तीन दिवस वाहिली आणि खालच्या दोन कपाटांतल्या कागदांचा लगदा झाला. सगळ्या गावाच्या पाण्याचा हिशोब ठेवणाऱ्या नगरपरिषदेची स्वतःची टाकी वाहते, यावर मी काय बोलणार? भरतीची फाईल मी बाहेर काढली तेव्हा ती पापडासारखी तुटली.

मग मी जाहिरात छापणाऱ्या साप्ताहिकाच्या मालकाला गाठलं. साप्ताहिक केव्हाच बंद पडलं होतं, आता त्यांचं मोबाईलचं दुकान आहे. "जुने अंक?" ते म्हणाले. "ताई, ते भेळवाल्यानं नेले. पण कव्हर दाखवू का मोबाईलला, चांगलं आलंय." तिथून नगरला गेले, तिथल्या वाचनालयात चौकशी केली. त्यांच्याकडे मोठ्या दैनिकांच्या बांधलेल्या फाईली होत्या, आमच्या साप्ताहिकाचं त्यांनी नावही ऐकलं नव्हतं. येताना एसटीत उभी राहून आले आणि घरी आल्यावर उगाचच सगळ्यांवर ओरडले. सहा महिन्यांपैकी वीस दिवस उरले होते. आमचे मुख्याधिकारी तरुण आहेत, चांगले आहेत. ते म्हणाले, "ताई, तुम्ही कागद आणा, मी पाच मिनिटांत सही करतो. पण कागदाशिवाय मी वर काय पाठवू? तुमचा जीव तुटतोय हे लिहून पाठवू?" बरोबर होतं त्यांचं. तरी मला राग आला.

त्याच आठवड्यात लेखापरीक्षण सुरू होणार होतं. आमचे लेखापाल म्हणजे निवृत्तीला आलेला, सदा कावलेला माणूस. पाच मिनिटांनी चष्मा पुसायचा आणि सुस्कारा सोडायचा. ते एक यादी घेऊन माझ्या टेबलाशी आले. "तुमच्या नावचा एक जुना आक्षेप अजून प्रलंबित आहे," ते म्हणाले. "दर वर्षी लेखापरीक्षक विचारतात, दर वर्षी आपण 'पूर्तता करण्यात येईल' म्हणून लिहितो. मी घरी जायच्या आत तेवढा मिटवा, बाई. मला माझ्या निरोप समारंभात तो आठवायला नको."

"कसला आक्षेप?"

त्यांनी यादी वाचली. "जाहिरात विहित आकारापेक्षा जादा आकारात प्रसिद्ध करण्याचे प्रयोजन स्पष्ट व्हावे."

आणि मला ते सगळं आठवलं. नवी होते ना मी! ती भरतीची जाहिरात साप्ताहिकाकडे मीच पाठवली होती आणि सोबतच्या पत्रात आकार लिहायचा विसरले होते. मालकाने संधी साधली आणि पाव पान भरून ती छापली, नगरपरिषदेचं बोधचिन्ह थाळीएवढं. बिल आलं तेव्हा मला ज्ञापन मिळालं, आणि पुढच्या लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला. त्या वेळी मी घरी जाऊन रडले होते, नोकरी जाणार म्हणून. नोकरी गेली नाही आणि आक्षेपही गेला नाही.

मी खुर्चीवरून उठलेच. "त्या आक्षेपाला काय जोडलंय?"

"काय जोडणार? बिल, तुमचं पत्र आणि छापलेली जाहिरात. आकार मोजायला मूळ पान नको का?"

"कुठाय?"

लेखापालांनी चष्मा काढला. "बाई, बाकीच्या फाईली बुडतात, जळतात, उंदीर खातात. आक्षेपाची फाईल लोखंडी कपाटात असते. किल्ली माझ्या जानव्याला आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांच्या टेबलापासून माझं टेबल बारा पावलांवर आहे, आणि मी नगरपर्यंत जाऊन एसटीत उभी राहून आले होते. त्यांनी कपाट उघडलं. ते पान पिवळं पडलं होतं, पण धड शाबूत होतं. वर अंकाची तारीख, गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली. एका बाजूला कांद्याच्या बियाण्याची जाहिरात, दुसऱ्या बाजूला हरवलेल्या म्हशीची, आणि मधे आमची ही ऐसपैस, "व्हॉल्व्हमन, पदे तीन". कुठल्याही आंधळ्याला दिसली असती. लेखापालांना मिठी मारायचीच तेवढी मी बाकी ठेवली. ते दचकून मागे सरले आणि म्हणाले, "आता मिटवता ना आक्षेप?" मी म्हटलं, "मामांची पेन्शन हातात पडेपर्यंत या आक्षेपाला हात लावाल तर याद राखा."

पानाची साक्षांकित प्रत जोडून प्रकरण वर गेलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आम्हाला आठ थांबावं लागलं. मधे एकदा वरून फोन आला, की मूळ पान पाहायला आणा. ते मी स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, छातीशी धरून घेऊन गेले आणि तसंच परत आणलं. मामा आपले रोज पाणी सोडत होते, आणि भेटले की मलाच धीर देत होते. मग एप्रिलच्या उन्हात आदेश आला. जुनी पेन्शन मंजूर. मी तो आदेश घेऊन पळत पाणीपुरवठ्याच्या खोलीत गेले तर मामा नव्हते, ते सुतारगल्लीत होते. मी सुतारगल्लीत गेले. तिथल्या बायका नळावर भांडत होत्या. मी ओरडले, "मामांची पेन्शन झाली!" भांडण थांबलं आणि एका आजीने आपल्या हंड्यातलं पाणी मामांच्या पायावर घातलं. मामा लाजून लाल झाले.

मग पेन्शनचे कागद सुरू झाले. त्या कागदांत एक असतो जोडफोटो, म्हणजे नवराबायकोचा एकत्र, पुढे बायकोला कुटुंबनिवृत्तिवेतन द्यायचं झालं तर तिला ओळखता यावं म्हणून. अर्ध्या लोकांकडे असा फोटो नसतो. मामांकडे लग्नातलाही नव्हता. मी म्हटलं, मी बरोबर येते, नाहीतर तुम्ही दोघं दोन टोकांना उभे राहून काढून आणाल. चौकातल्या स्टुडिओत आम्ही गेलो. मामी ठेंगण्या, काळ्यासावळ्या, नवं इरकल नेसलेल्या. फोटोवाला म्हणाला, "जवळ सरका." मामी म्हणाल्या, "आता साठीला आनि किती जवळ सरकायचं?" आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांचं हसू थांबेना. फोटोवाला कॅमेरा खाली ठेवून वाट बघत बसला.

मला त्या क्षणी राहवलं नाही. सगळं मार्गी लागलं होतं, आता तरी बोलून टाकावं. मी म्हटलं, "मामी, हे सगळं माझ्यामुळे अडलं होतं हो. पाडव्याला हजर व्हा असं मीच सांगितलं मामांना. मुहूर्त बघितला. ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले असते तर इतकी वर्षं हा घोर लागलाच नसता. एकोणीस वर्षं मी..."

मामींनी पदर खाली घेतला आणि मामांकडे बघितलं. "तुमी सांगितलं न्हाई व्हय यांना?"

मामा छताकडे बघायला लागले.

"अवो ताई, कसला मुहूर्त?" मामी म्हणाल्या. "मी तवा दर साली भावासंगट ऊसतोडीला जायची. सा म्हैने तिकडं. ह्यांच्या रोजंदारीत काय भागतंय? त्या साली टोळी दिवाळीच्या तोंडावरच निघाली. टरक भरला हुता, माजी भांडीकुंडी चढली हुती, मी बी चढले हुते. आन् हे त्यो तुमचा आदेश हातात धरून गावात आले आन् टरकाम्होरं उभे ऱ्हायले. म्हनले, हिला उतरवा, मला कायमची नोकरी लागली. मुकादम आयकंना. माजी उचल घेतल्याली. हे तिथंच बसले. चार दिस टरक हालू दिला न्हाई. शेवटी माज्या जागी दुसरं मानूस मिळालं तवा मुकादमानं मला सोडलं. पाडव्याच्या सकाळी यस्टीनं आमी हितं उतरलो, मला खोलीवर सोडलं आन् हे तसंच तुमच्याकडं आले."

मी मामांकडे वळले. रडू आणि राग दोन्ही एकदम आले होते. "मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगनार हुतो," मामा म्हणाले. "पर तुमी मुहूर्ताचं इतकं बोलत हुत्या, की मधी शिरायला जागाच घावंना. आन् बायको कोयत्याला जाती हे हापिसात सांगायची लाज वाटायची तवा. मला काय ठावं, तुमी त्याचं घिऊन बसल्यात?"

"आणि पेन्शन गेली म्हणून कळलं, तेव्हा काही वाटलं नाही?"

"वाटलं की. लई वाटलं. घरी जाऊन हिला सांगितलं." ते मामींकडे बघून हसले. "ही म्हनली, पेन्शन म्हातारपनी लागती, मी तर आत्ता उतरले."

मी तिथल्या स्टुलावर बसून घळाघळा रडले. फोटोवाल्याने आधी पाणी आणलं, मग चहा मागवला. मामी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि त्या हाताला जुने घट्टे होते, कपड्यातूनही लागत होते. "गप, ताई," त्या म्हणाल्या. "त्या सालापास्नं मी कोयता हातात धरला न्हाई." मग त्या उठल्या, केस सारखे केले, मामांच्या शेजारी जाऊन खांद्याला खांदा लावून बसल्या आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "घे रं बाबा, आता कितीबी जवळ सरकते."